उत्तरार्धाचा खेळाडू : प्रोफेसर दि. ब. देवधर

हिंदुस्थानातील प्रथम दर्जाच्या क्रिकेटचा इतिहास लिहिणारे ज्या सामन्यापासून आपल्या लेखनास सामान्यतः प्रारंभ करतात, तो युरोपियन आणि पारशी यांच्यातील सामना १८९२ च्या ऑगस्ट महिन्यात मुंबईस झाला. आणि ज्या गृहस्थांच्या आयुष्याच्या आधाराने या इतिहासाची पहिली शंभर वर्षे जवळजवळ सलग सांगता येतात, त्या प्रोफेसर दिनकर बळवंत देवधरांचा जन्म त्याच वर्षी जानेवारीच्या १४ तारखेस पुण्यात झाला. खेळ आणि खेळाडू असे एका वर्षाचे. पुढे २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाची एकशेएक वर्षे पूर्ण करून, देवधर पुण्यातच निवर्तले, तेव्हा त्यांच्या हयातीत हा खेळ साहेबांच्या जिमखान्यांतून जातवार संघांकडे, जातवार संघांकडून प्रांतांकडे आणि पाच दिवसांच्या सामन्यांकडून एका दिवसाच्या सामन्यांकडे येऊन पोहोचला होता.

दीर्घायुष्य हे मात्र स्वतःहून कर्तृत्व ठरत नाही. पुण्यासारख्या शहरात नव्वदी गाठलेले पेन्शनर पूर्वीही थोडे नव्हते आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची कीर्ती आपल्या आळीच्या वेशीपलीकडे गेली नाही. देवधरांच्या चरित्रात चिंतनीय आहे ते त्यांनी किती वर्षे काढली हे नसून त्या वर्षांची वाटणी कशी झाली हे होय. कारण सामान्य फलंदाज ज्या वयात बॅट कोपऱ्यात ठेवून पंचांची टोपी घालतो, त्या वयापासून पुढे त्यांच्या कारकिर्दीतील अत्यंत मोलाचा भाग सुरू होतो, आणि या विलंबाचे कारण त्यांच्या अंगच्या गुणांत शोधण्यापेक्षा या देशातील खेळाच्या व्यवस्थेत शोधावे लागते.

देवधरांच्या बालपणीचे पुणे क्रिकेटच्या दृष्टीने दुभंगलेले होते. पावसाळ्यात मुंबई इलाख्याचे सरकार पुण्यास मुक्कामास येई आणि क्रिकेटचे कट्टर भक्त असलेले गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या अमदानीत, म्हणजे १८९० ते १८९५ या काळात, गणेशखिंडीच्या आसमंतात या खेळाला राजाश्रयाची झळाळी आली; परंतु ती झळाळी लष्कर भागापुरती होती. नदीच्या अलीकडच्या पेठांत तालमींचा आणि आट्यापाट्यांचा अंमल होता, आणि क्रिकेट हा तेथे कौतुकाचा, किंबहुना काहीशा संशयाचा विषय होता. या दोन पुण्यांमधील सरहद्द ज्यांनी प्रथम ओलांडली त्यांत अग्रभागी पळवणकर बाळू होते. चर्मकार कुटुंबात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुणे जिमखान्यावर मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीत असताना ग्रेगसारख्या साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकून आपली कला घासूनपुसून तयार करीत होता, आणि पेठांतील हिंदू क्रिकेटपटूंनी त्याला आपल्या बाजूला घेतले ते साहेबांना हरविण्याच्या ईर्ष्येने. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सर्वांना चाले. मैदानाबाहेर त्याचा चहा निराळ्या मातीच्या भांड्यात येई. १९०० साली स्थापन झालेले ‘पूना यंग क्रिकेटर्स’ म्हणजे पुढचा पी. वाय. सी. हिंदू जिमखाना आणि १९०६ चा डेक्कन जिमखाना या संस्थांनी पांढरपेशा तरुणांना स्वतःची मैदाने दिली, आणि देवधरांची पिढी या मैदानांवर वाढली.

१९११ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते हिंदूंच्या बाजूने प्रथम दर्जाच्या सामन्यांत उतरले. तेव्हा मुंबईचे सामने तिरंगी होते. पुढच्याच वर्षी मुसलमानांचा संघ येऊन ते चौरंगी झाले आणि १९३७ साली ‘इतर’ या नावाचा पाचवा संघ येऊन पंचरंगी. या सामन्यांनी मुंबईला वेड लावले हे खरे; परंतु ते वर्षातून एकदा येणाऱ्या जत्रेसारखे होते. जत्रा उठली की गंभीर क्रिकेट जवळजवळ संपे, आणि पुण्यात राहणाऱ्या फलंदाजाला दुसऱ्या हंगामापर्यंत क्लबाच्या सामन्यांवर समाधान मानावे लागे.

या परिस्थितीत क्रिकेटवर पोट भरण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. संस्थानिकांच्या पदरी नोकरी पत्करून खेळणे हा एक मार्ग होता, आणि पुढे चंदू सरवटे होळकरांकडे व विजय हजारे बडोद्याकडे गेले ते याच मार्गाने. देवधरांनी शिक्षकाचा पेशा धरला. शिक्षण प्रसारक मंडळीने १९१६ साली स्थापिलेल्या न्यू पूना कॉलेजात, जे पुढे सर परशुरामभाऊ कॉलेज या नावाने महशूर झाले, ते संस्कृतचे अध्यापक होते, आणि ‘प्रोफेसर’ ही उपाधी त्यांच्या नावाला अशी चिकटली की धावफलकापासून वर्तमानपत्राच्या मथळ्यापर्यंत ती त्यांच्या आद्याक्षरांची जागा घेऊन बसली. कालिदासाच्या काव्यावर बोलणारा माणूस उद्या वेगवान गोलंदाजाला हुक मारणार आहे, ही गोष्ट पुणेकर पालकांना मुलांच्या क्रिकेटविषयी जे अभय देऊन गेली, ते दहा व्याख्यानांनी मिळाले नसते. खेळाने मूल वाया जाते या समजुतीला त्यांच्या नोकरीनेच परस्पर उत्तर दिले होते.

अशा रीतीने खेळणाऱ्याच्या वाट्याला सामने किती यावेत? १९११ ते १९४८ या सदतीस वर्षांत देवधर प्रथम दर्जाचे ८१ सामने खेळले. म्हणजे वर्षाला सरासरी दोनच्या थोडे वर. त्यांतील १३३ डावांत त्यांनी ३९.३२ च्या सरासरीने ४,५२२ धावा केल्या आणि ९ शतके काढली. इंग्लंडातील कौंटीचा धंदेवाईक खेळाडू इतके सामने तीन-चार उन्हाळ्यांत सहज उरकतो. देवधरांच्या आकड्यांकडे पाहताना ही मधली मोकळी जागा ध्यानात घेतली पाहिजे. पहिल्या महायुद्धापूर्वी सुरू झालेली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर संपलेली ही कारकीर्द घड्याळाने मोजली तर प्रचंड आहे आणि संधीने मोजली तर कृश आहे.

चौरंगी सामन्यांच्या पर्वात त्यांच्या नावाशी जोडला गेलेला एक प्रसंग असा आहे की तो वगळून त्यांचे चरित्र लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९२० साली हिंदू संघाचे कप्तान पै आजारी पडले, बाळूंना संघातून वगळण्यात आले, आणि बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल हे अनुभवाने वडील असताही कप्तानपद तरुण देवधरांकडे देण्यात आले. विठ्ठल आणि शिवराम या दोघा बंधूंनी, आपली जात आड आल्याचा जाहीर निषेध करून, त्या सामन्यातून अंग काढून घेतले. लोकमताचा रेटा एवढा झाला की अंतिम सामन्यास पै परतले तेव्हा बाळूंना उपकप्तान म्हणून सन्मानाने बोलवावे लागले. आणि १९२३ साली विठ्ठल हिंदूंचे कप्तान होऊन विजयी झाले. संस्कृतचे अध्यापक असलेल्या पुण्याच्या ब्राह्मण पदवीधराला जो मान न मागता चालून येई तो चर्मकार बंधूंना भांडून मिळवावा लागे, ही त्या व्यवस्थेची रीत होती. धर्माच्या नावाने उभारलेल्या संघात जातीचा जाबताही आपोआप लागू होतो, हे त्या वर्षी उघड झाले.

देवधरांच्या फलंदाजीचा लौकिक पुण्या-मुंबईबाहेर गेला तो १९२६ च्या डिसेंबरात. आर्थर गिलिगनच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी. चा संघ हिंदुस्थानात आला होता आणि मॉरिस टेटसारखा जगविख्यात गोलंदाज त्या संघात होता. महिन्याच्या आरंभी बॉम्बे जिमखान्यावर हिंदू संघाकडून सी. के. नायडूंनी ११ षट्कारांसह १५३ धावांचा जो धुमाकूळ घातला, त्याची कथा आजही घरोघर सांगितली जाते. तिच्यामागोमाग त्याच मैदानावर अखिल हिंदुस्थानच्या संघाकडून देवधरांनी १४८ धावा केल्या. ज्या जिमखान्याच्या सभासदत्वाची दारे हिंदी माणसाला बंद होती, त्याच जिमखान्याच्या हिरवळीवर एका महिन्यात दोन हिंदी फलंदाजांनी विलायतेच्या संघाविरुद्ध दीडशेच्या घरातील डाव उभारले, ही घटना दोघांच्या आकड्यांहून मोठी होती. नायडूंच्या डावाने हिंदी फलंदाज काय धाडस करू शकतो हे दाखविले. देवधरांच्या डावाने ते धाडस अपवाद नव्हते याची ग्वाही दिली. गिलिगनने या देशाने स्वतःचे नियामक मंडळ स्थापून कसोटी सामन्यांत उतरावे असा आग्रह धरला, आणि १९२८ च्या डिसेंबरात ते मंडळ अस्तित्वात आले.

मंडळ आले, कसोटीची सनद आली. परंतु तोपर्यंत देवधरांचे वय पुढे निघून गेले होते. १९३२ च्या जूनमध्ये लॉर्ड्‌सवर हिंदुस्थान पहिली कसोटी खेळला तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते आणि संघात नव्हते. नायडू छत्तीस वर्षांचे असून कप्तान झाले. दोघांच्या वयात जेमतेम चार वर्षांचे अंतर, परंतु त्या चार वर्षांच्या अलीकडे एक दालन उघडले आणि पलीकडे ते बंद राहिले. चाळिशीचा फलंदाज म्हणजे ओसरलेला फलंदाज हा निवड करणाऱ्यांचा हिशेब सर्वसाधारण माणसाच्या बाबतीत चुकीचा नाही; या एका माणसाच्या बाबतीत तो किती चुकला, हे कळण्यास पुढची बारा वर्षे जावी लागली.

१९३४ साली रणजी करंडकाचे सामने सुरू झाले. देवधर तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते आणि त्यांच्या गुणांना साजेशी व्यवस्था या देशात प्रथमच निर्माण होत होती. मुंबई इलाख्याची क्रिकेटपुरती वाटणी होऊन मुंबई शहर, गुजरात आणि महाराष्ट्र असे निरनिराळे संघ उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ अद्याप दूर होती, राजकीय नकाशावर ‘महाराष्ट्र’ या नावाचा प्रांत नव्हता; पण पुण्याच्या मैदानावर त्या नावाचा संघ होता आणि त्याचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी मुंबईचा संघ होता. १९६० साली मुंबईसह राज्य स्थापन झाले तरी क्रिकेटने आपली ही जुनी वाटणी मोडली नाही. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ यांचे संघ आजही एकमेकांविरुद्ध खेळतात.

या संघाची घडण पाहिली म्हणजे जुन्या आणि नव्या व्यवस्थेतील अंतर चटकन डोळ्यांत भरते. सांगलीचे विजय हजारे मराठी ख्रिस्ती घराण्यातले. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत त्यांना ‘इतर’ या सांदीत उभे राहावे लागे, आणि तेथेही १९४३ साली त्यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने केल्या. नगरवाला पारशी. रंगा सोहोनी आणि सरवटे हिंदू. जातवार सामन्यांत हे चौघे तीन निरनिराळ्या तंबूंत बसले असते. महाराष्ट्राच्या संघात ते एका कप्तानाच्या हुकमतीखाली एका बाजूने खेळत होते, आणि तो कप्तान आपल्या बहुतेक खेळाडूंच्या वडिलांच्या वयाचा होता. १९२० साली ज्यांना जातवार व्यवस्थेने अयाचित मान दिला, त्यांनीच पुढे जातीचा विचार नसलेला संघ बांधून तो शिखरावर नेला, ही गोष्ट त्यांच्या खाती आवर्जून जमा केली पाहिजे.

१९३९–४० च्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध हजाऱ्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या, आणि नवव्या गड्यासाठी त्यांनी व नगरवालांनी मिळून २४५ धावांची भर घातली. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये हिंदी फलंदाजाने काढलेले ते पहिले त्रिशतक. त्याच हंगामात संयुक्त प्रांताला पुण्यात दहा गडी राखून हरवून महाराष्ट्राने करंडक प्रथम जिंकला. दुसऱ्या वर्षी तो राखण्यासाठी मुंबईचा अडसर दूर करणे प्राप्त होते, आणि हा सामना म्हणजे देवधरांच्या उत्तरार्धाचा कळस होय.

त्या काळी बाद पद्धतीच्या सामन्यात दोन्ही डाव पुरे न झाले तर पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लागे, आणि पुण्याच्या फलंदाजीला अनुकूल खेळपट्टीवर मुंबईसारख्या संघाशी गाठ असता पहिला डाव हाच सामना, हे ओळखूनच खेळावे लागे. अशा सामन्यात धावांच्या वेगापेक्षा खेळपट्टीवर बसून राहण्याच्या चिकाटीला मोल असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पॅड बांधून, आदल्या दिवशीची बेरीज विसरून, शून्यापासून आरंभ केल्याप्रमाणे खेळावे लागते. एकोणपन्नासाव्या वर्षात असलेल्या कप्तानाने हे काम स्वतःच्या अंगावर घेतले आणि २४६ धावा केल्या. ती त्यांची प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील सर्वोच्च धावसंख्या. महाराष्ट्राच्या ६७५ धावा झाल्या. मुंबईने चिवट झुंज देऊन ६५० पर्यंत मजल मारली. अंतर अवघे पंचवीस धावांचे. सव्वीस धावांनी कप्तानाचा डाव आखडला असता तर महाराष्ट्राची वाटचाल तेथेच संपली असती, एवढा सरळ हिशेब आहे. पुढे मद्रासला जाऊन महाराष्ट्राने मद्रासच्या संघास अंतिम सामन्यात सहा गड्यांनी हरविले आणि करंडक लागोपाठ दुसऱ्यांदा पुण्यास आणला.

एवढ्यावर थांबणे कोणत्याही खेळाडूला शोभले असते. देवधर थांबले नाहीत. १९४४ साली नवानगरविरुद्धच्या सामन्यात त्यांनी पहिल्या डावात १०५ आणि दुसऱ्या डावात १४१ धावा केल्या, तेव्हा त्यांच्या वयाला बावन्न वर्षे पूर्ण झाली होती. एका सामन्यात दोन शतके काढणे हे पंचविशीतील फलंदाजालाही दुष्कर असते, कारण पहिल्या शतकाचा थकवा दुसऱ्या डावाच्या पहिल्या अर्ध्या तासात पायांवर उतरतो आणि पाय जड झाला की बॅट चेंडूपर्यंत पोहोचत नाही. म्हातारपणी डोळा आणि मनगट काही काळ साथ देतात, परंतु पायांचा कारभार आधी बरखास्त होतो. ज्याचे पाय बावन्नाव्या वर्षी एका सामन्यात दोनदा शतकापर्यंत हलत राहिले, त्याने तारुण्यात अंगाची तालीम किती निष्ठेने राखली असेल, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, १९४८ साली, ते प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधून निवृत्त झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या. १९४९ च्या मार्चमध्ये मुंबई-महाराष्ट्र सामन्यात पुण्यासच एकंदर २,३७६ धावा निघाल्या आणि प्रथम दर्जाच्या एका सामन्यातील सर्वाधिक धावांचा तो विक्रम ठरला. पुण्याच्या मैदानांवर दीर्घ डावांची जी परंपरा चालू झाली होती, तिच्यात कप्तानाच्या २४६ धावांचा धडा निःसंशय होता.

त्यानंतरची पंचेचाळीस वर्षे, म्हणजे खेळण्याच्या काळाहूनही मोठा काळ, त्यांनी खेळाच्या सहवासात काढला. ते संघटनेच्या कारभारात राहिले, निवड समितीवर बसले, क्रिकेटवर इंग्रजीत ग्रंथ लिहिले. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या कन्यांनी बॅडमिंटनच्या राष्ट्रीय स्पर्धांत जेतेपदे मिळविली. मुलींनी अर्ध्या चड्डीत वा आखूड झग्यात मैदानावर उतरण्यास समाज नाके मुरडीत होता त्या काळात प्रोफेसरांच्या घरात रॅकेट ही निषिद्ध वस्तू नव्हती. १९६५ साली त्यांना पद्मश्री आणि १९९१ साली पद्मभूषण हे किताब मिळाले, आणि मृत्यूनंतर तीन वर्षांनी भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. १९७३–७४ पासून विभागीय संघांच्या मर्यादित षटकांच्या स्पर्धेला देवधर करंडक असे नाव देण्यात आले. ज्यांची हयात तीन-चार दिवसांच्या डावांत गेली, ज्यांचे श्रेष्ठत्व न थकता खेळत राहण्यात होते, त्यांचे नाव एका दिवसात आटपणाऱ्या सामन्यांना मिळावे यात विसंगती आहे. परंतु बदलत्या खेळाशी वैर न धरता त्याच्या प्रत्येक नव्या रूपाला सामोरे जाणाऱ्या माणसाला ती विसंगती बोचली असण्याचे कारण नाही.

रणजी करंडकाच्या इतिहासात महाराष्ट्राच्या नावावर आजतागायत दोनच विजय आहेत आणि ते दोन्ही देवधरांच्या कप्तानकीतले आहेत. १९७०–७१ साली महाराष्ट्र अंतिम सामन्यापर्यंत जाऊन मुंबईपुढे हरला. १९९२–९३ च्या हंगामात, प्रोफेसर शंभरी पार करून बसले असता, पंजाबपुढे हरला. आणि त्यानंतर २०१३–१४ साली कर्नाटकापुढे. दरम्यान चंदू बोर्ड्यांसारखे थोर खेळाडू या संघाने देशाला दिले. परंतु एका पन्नाशीच्या अध्यापकाने लागोपाठ दोन वर्षे जे साधले ते पुन्हा साधले नाही.

आपल्याकडे खेळाडूची प्रत कसोटी सामन्यांच्या संख्येवरून ठरविण्याची सवय पडली आहे, आणि त्या हिशेबाने देवधरांच्या नावापुढे शून्य येते. ते शून्य त्यांच्या फलंदाजीचे नाही, खेळाच्या दफ्तरात योग्य रकाना उशिरा उघडला गेला त्या विलंबाचे आहे. नायडूंनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी उत्तर प्रदेशाकडून रणजी सामना खेळून दाखविला, पण त्यांना तोपर्यंत कीर्तीचा पूर्ण वाटा मिळालेला होता. देवधरांचा वाटा त्यांना चाळिशीनंतर, स्वतःच्या प्रांताचा संघ बांधून, मिळवावा लागला, आणि शरीराने साथ दिली नसती तर तो मिळालाही नसता. त्यांच्या शतायुष्याचा खेळाच्या दृष्टीने खरा उपयोग झाला तो शेवटच्या चाळीस वर्षांत नव्हे, तर बेचाळीस ते बावन्न या दहा वर्षांत. त्या दशकापुरते तरी वय आणि संधी यांचा हिशेब त्यांनी स्वतःच्या बॅटीने बरोबर करून घेतला.